बादलीतला हात

मुलुंडच्या बाईंचा मेसेज आला तेव्हा मी दुर्वा निवडत बसले होते. आधी नुसता फोटो आला. निळी बादली, तळाशी राखाडी गाळ आणि गाळातून वर आलेला एक हात. उजवा, आशीर्वादाचा. पाच बोटं, तळव्यावर लाल रंगाचं स्वस्तिक. बाकीचा गणपती विरघळून गेला होता आणि हात तेवढा पाण्यात उभा होता, खाली कुणीतरी अजून आहे असं वाटावं तसा.

मग अक्षरं आली. "ताई, आमचा दीड दिवसाचा. काल संध्याकाळी बादलीत विसर्जन केलं. सगळं विरघळलं, हा हात राहिला. सासूबाई सकाळपासून काही खात नाहीयेत. आमच्याकडून पूजेत काही चुकलं का?"

मी दुर्वा बाजूला ठेवल्या.

आमच्या पेजवर सगळ्यात वर मी लिहिलेल्या ओळी अजूनही तशाच होत्या. "देव मातीचा. शाडूच्या मूर्तीत प्लास्टरचा कणही नाही. खोटं निघालं तर दारात येऊन जाब विचारा." असं लिहायची मला लहानपणापासूनची सवय. आजोबा गिरणीत होते, संपाच्या काळात पत्रकं वाटायचे आणि उरलेली पत्रकं त्यांनी शेवटपर्यंत माळ्यावर जपली. मला वाचायला त्यांनी त्या पत्रकांवरून शिकवलं. बाराखडीच्या आधी मला 'जाब' हा शब्द येत होता. पत्रकात कुठे 'बहुधा' नसतं, 'शक्यतो' नसतं. माझ्याही लिहिण्यात ते कधी आलं नाही.

गणपती घडवणं आमच्याकडे त्याच आजोबांकडून आलं. कुडाळकडच्या गावी घरातच गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आजोबा रजा टाकून तिथे जाऊन बसायचे, बाबा त्यांच्या हाताखाली शिकले. बाबा वर्षभर दिंडोशीत वायरिंगची कामं करतात आणि गणपतीच्या आधी दोन-तीन महिने वसाहतीमागच्या एका भाड्याच्या गाळ्यात माती मळतात. आमच्या वसाहतीत कोकणातली माणसं खूप. ती गणपती विकत घ्यायला येत नाहीत, पाट द्यायला येतात. घरचा लाकडी पाट आधीच आणून द्यायचा आणि त्या पाटावर आपला गणपती बसायचा, ही तिकडची रीत. एकदा पाट दिला की माणूस येता-जाता गाळ्यात डोकावतो, स्टूल ओढून बसतो, चहा पितो आणि फुकटचे सल्ले देतो.

"सोंड जरा जाड वाटते ओ."

"गेल्या वर्षी तुमचो उंदीर मांजरासारखो दिसत होतो. औंदा तरी त्येका उंदीर करा."

बाबा हसत. मातीतला हात थांबत नसे.

या वर्षी ऑनलाइन विकायचं माझ्या डोक्यात आलं. बाबांना ते पटलं नव्हतं, पण वायरिंगची कामं कमी झाली होती आणि गाळ्याचं भाडं वाढलं होतं, म्हणून ते नाही म्हणाले नाहीत. पहिले काही आठवडे नुसते प्रश्न आले. फोटोतलीच मूर्ती येईल ना? नक्की शाडू आहे ना? बुकिंग केलं आणि तुम्ही गायब झालात तर? कुणाला आम्ही माहीत नव्हतो, आणि का असावं? मग मी शाडूचा एक कान काचेच्या ग्लासात टाकला, तो विरघळेपर्यंत शूटिंग केलं आणि वर त्या ओळी लिहिल्या. प्लास्टरला शाडू म्हणून खपवणाऱ्यांना त्याखाली सणसणीत चार शब्द ऐकवले. तिथून फोन वाजायला लागला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. प्रत्येकाला मी त्याच्या मूर्तीचा व्हिडिओ पाठवायचे. लोक म्हणायचे, ताई, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून घेतोय.

आणि आता हा हात.

बाबा मखराशी वाकून समईत तेल घालत होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितलं, तेलाची बुधली खाली ठेवली, चष्मा शोधला आणि पुन्हा बघितलं.

"माझो जोड," ते म्हणाले.

"कसला जोड?"

"हात सुकतच नव्हते गो. पावसाची कशी झड लागली होती आठवतं ना? मनगटाशी तडा जायचा. ओली माती लावली की पुन्हा तडा. मग हाताच्या साच्यात प्लास्टर ओतलं आणि बसवले. झालं."

झालं! एवढ्या सहज म्हणाले. मला वाटलं ते थट्टा करतायत.

"किती मूर्तींना?"

"शेवटी शेवटी केलेल्या. सगळ्यांना नाही."

"कुठल्या पण?"

त्यांना आठवत नव्हतं. रंग चढल्यावर त्यांनाही कळलं नसतं, मला तर नाहीच. मी व्हिडिओ काढत होते आणि ज्या हातावर कॅमेरा नेत होते तोच हात खोटा होता.

"बाबा, आपण लिहिलंय कणही नाही म्हणून."

"तू लिहिलंस," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "अगो, पाटवाल्यांना मी सांगितलंय. प्रत्येकाला. तुमच्या गणपतीचा हात तडकला, प्लास्टरचा बसवलाय, चालेल का? ते म्हणाले, बसवा. त्यात लपवण्यासारखं काय आहे? डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती माती असते. मातीला तडा जातो, आपण जोडतो. देव मागाहून येतो."

"आणि ऑनलाइनवाले?"

ऑनलाइनवाले स्टुलावर बसायला आलेच नव्हते. त्यांचा पाट नव्हता, तोंड नव्हतं. बाबांच्या लेखी ते खोकी होते, ज्यांवर मी पत्ते चिकटवायचे.

माझी नजर मखरात गेली. आमचा घरचा गणपती, पाच दिवसांचा.

"आपल्याचा हात?"

"आपल्याचा पण," बाबा म्हणाले.

दोन दिवस मी त्या हाताकडे बघून आरती म्हणत होते. मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी फोन घेऊन बसले आणि सगळ्यांना एकच मेसेज लिहायला घेतला. 'जाहीर खुलासा' असं वर टाकलं. आमच्याकडून गेलेल्या काही मूर्तींचे उजवे हात प्लास्टरचे असण्याची शक्यता आहे. तुमची फसवणूक झाली आहे.

बाबांनी तो मेसेज वाचला आणि त्यांची मालवणी बाहेर आली. एरवी एखादा शब्द, रागात पुरी.

"येडी झालंस काय? लोकांच्या घरात देव बसलो हा. पाच दिवसवाले, दहा दिवसवाले, सगळ्यांचे बसलेत. आता सांगान काय करतलंस? तुमचो देव तुटको आसा? ती माणसां पुढचे दिवस कशी पूजा करतली?"

"मग काय, बादलीत बघू दे त्यांना? या बाईंसारखं?"

"दहातले आठ खाडीत नाहीतर तलावात जातात. कोण बघता?"

हे ते बोलून गेले आणि बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. समुद्रात काय टाकलं जातंय हे कुणी बघत नाही, म्हणून तर मी ग्लासात कान बुडवून दाखवला होता!

"हेच प्लास्टरवाले म्हणतात, बाबा. हेच, शब्दाला शब्द."

"माका प्लास्टरवालो म्हणतंस?"

आईने स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन फोन माझ्या हातातून काढून घेतला. तिने माझा खुलासा वाचला नाही. वर सरकवून मुलुंडच्या बाईंचा मेसेज वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्याने.

"आमच्याकडून पूजेत काही चुकलं का." ती बाबांकडे वळली. "ऐकलंत? तुमचा हात बघून ती बाई स्वतःची चूक शोधतेय. सासू उपाशी बसलीय. आणि तुम्ही दोघं इथे भांडताय, कोण प्लास्टरवाला म्हणून."

मखरासमोरची समई फडफडत होती. तेल घालायचं राहिलं होतं. बाबांनी ते घातलं, वात सारखी केली आणि तिथेच पाटाशेजारी मांडी घालून बसले.

"लाव फोन," ते म्हणाले.

मी लावला, स्पीकरवर टाकला. बाई घाईने बोलल्या. मोदक करताना नारळ नासका निघाला होता, तो त्यांनी टाकला, पण दुसरा आणायला उशीर झाला. त्यामुळे असेल का? बाबांनी त्यांना संपूर्ण बोलू दिलं.

"ताई, मी मूर्तिकार बोलतोय. तुमचं काही चुकलेलं नाही. तो हात प्लास्टरचा आहे. मी बसवलाय. मातीचा तडकला होता. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे," बाई हळू म्हणाल्या, "हात आधीच तुटला होता?"

"तडकला होता. आखणीच्या आधी."

"म्हणजे भंगलेली मूर्ती बसवली आम्ही?"

बाबांकडे याचं उत्तर होतं. आखणी, माती, देव मागाहून येतो, सगळं. मला वाटलं आता ते सांगतील आणि बाई समजून घेतील. ते म्हणाले, "माझ्या लेखी भंगलेली नाही. तुमच्या लेखी असेल, तर तो दोष माझा. सासूबाईंना द्या फोन. त्यांनाही सांगतो."

सासूबाईंनी फोन घेतला नाही. आम्हाला मागून आवाज आला, "पूजा बरोबर झाली ना मग? नीट विचार त्यांना. झाली ना?" बाबा मोठ्याने म्हणाले, "झाली, आजी, व्यवस्थित झाली." मग बाईंनी फोन ठेवला. निरोप घेतला नाही. आभार तर नाहीच.

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. "पुढचा," ते म्हणाले. "तुझं पत्रक नको. देव बसलाय त्या घरात फलक लावायचा नाही. एकेकाला बोलायचं."

मी खुलासा पुसला. तो पुसताना मला कमीपणा वाटला, आजही थोडा वाटतो. पण 'शक्यता आहे' हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं आणि ते माझ्या सोयीचं होतं, हेही मला दिसत होतं. एक मेसेज टाकून मी मोकळी झाले असते. शिव्या वाचायच्या की नाही हे माझ्या हातात राहिलं असतं.

फोनवर तसं नसतं. बोरिवलीचे एक काका म्हणाले, "सणात असले फोन करता? डोकं आहे का?" आणि कट केला. अंधेरीच्या एका मुलीने विचारलं, "काका, हात बदलून मिळेल का?" मग स्वतःच म्हणाली, "सॉरी, काहीतरीच विचारलं मी." एकीने सगळं ऐकलं आणि थंडपणे म्हणाली, पेजवर तर फार मोठ्या गप्पा होत्या तुमच्या. ती गप्पा म्हणाली तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा प्रत्येकाला तेच सांगत होते. घरी विसर्जन करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी येतो, बादली मी बघतो. हात निघाला तर घेऊन जातो, मूर्तीचे पैसेही परत करतो. तुम्ही पाण्याला हात लावू नका.

घाटकोपरच्या घरातल्या तरुणाने ऐकून घेतलं. आवाजावरून तो माझ्याच वयाचा होता.

"या ना, काका. नक्की या. मी सगळं शूट करणार. कणही नाही म्हणाला होतात ना? आता कण बघू सगळे मिळून."

"करा शूट," बाबा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, हा टाकणार ऑनलाइन. बाबा म्हणाले, तू कान टाकला होतास ना? मग?

आमच्या गणपतीचं विसर्जन झालं त्या संध्याकाळी मी बादलीजवळ थांबले नाही. सकाळी आईने हात काढून, धुऊन खिडकीत वाळत ठेवला होता. त्याच्याकडे न बघता मी बाबांबरोबर निघाले. अंधेरी आणि घाटकोपरचे गणपतीही पाच दिवसांचेच होते.

अंधेरीच्या घरी काही निघालं नाही. बाबांनी बाही वर करून गाळ तळापर्यंत चाचपला, दोनदा. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमचा खरा होता!" आणि आनंदाने मोबाइलवर आईला सांगायला धावली. बाबांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसेल असं वाटलं होतं. ती नव्हती. न निघालेला हातही ते शोधतच राहिल्यासारखे दिसत होते.

मग घाटकोपर. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं ते त्याच मुलाने, मोबाइल हातातच. आत त्याची आई, वडील आणि एक आजी. कुणी बसा म्हणालं नाही. बादली बाल्कनीत होती, आणि तिच्यावर एक पाट पालथा घातलेला, कालपासून कुणी उघडू नये म्हणून. पाटावर अजून अक्षता चिकटलेल्या होत्या. आजींनीच तो घातला होता. "मीच राखण केली," त्या म्हणाल्या. "हा सारखा उघडून बघत होता."

"आजी, मी एकदाच बघितलं."

"एकदाच म्हणजे चारदा."

कुणी हसलं नाही. मुलाने मोबाइल सुरू केला. आजींनी पाट उचलला. खाली गढूळ पाणी, वर एक झेंडूची पाकळी. काहीच दिसत नव्हतं. माझ्या मनात आलं, नसू दे. अंधेरीसारखं होऊ दे. एवढ्या फोनांनंतर, एवढ्या शिव्यांनंतर एवढं तरी आम्हाला मिळू दे. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी बाबांसारखीच प्रार्थना करत होते, कुणाला दिसू नये म्हणून.

बाबा गुडघ्यावर बसले, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. गाळ ढवळला गेला आणि पाणी अजून काळवंडलं. ते हळूहळू तळ चाचपत होते. एका जागी थांबले. मला त्यांच्या खांद्यावरून कळलं.

त्यांना तिथेच सोडता आलं असतं. मुठीत धरून, गाळाखाली दाबून, उठून म्हणता आलं असतं, नाही काही. वरून मोबाइलला फक्त गढूळ पाणी दिसत होतं.

त्यांनी हात बाहेर काढला. त्यांच्या हातात तो दुसरा हात होता. पाणी निथळत होतं, बोटांच्या मधे माती अडकलेली होती. त्यांनी ती अंगठ्याने साफ केली.

"हा माझा जोड," ते मोबाइलकडे बघून म्हणाले. "मूर्ती शाडूची, हात प्लास्टरचा. मी केला आणि सांगितलं नाही."

"काका, जरा वर धरा," मुलगा म्हणाला. "फोकस होत नाहीये."

बाबांनी वर धरला. तसाच धरून राहिले, मुलगा हो म्हणेपर्यंत. माझा बाप एका अनोळखी बाल्कनीत गुडघ्यावर बसून आपल्याविरुद्धचा पुरावा नीट दिसावा म्हणून उजेडात धरत होता.

मुलाने शूटिंग बंद केलं आणि मला विचारलं, "टाकू ना?" विचारलं, हे विशेष. मी म्हटलं, टाक. आमच्या पेजवर मीही टाकणार. वडील काहीतरी पुटपुटले, पैसे परत करण्याबद्दल असावं. आजींनी त्यांना हाताने गप्प केलं. त्या बाबांच्या हातातल्या हाताकडे बघत होत्या.

"तुमच्या गावाकडे पाट देतात का हो?" त्यांनी विचारलं.

बाबा उठता उठता थांबले. "देतात, आजी."

"माझ्या माहेरी पण द्यायचे. मी लहान असताना रोज बघायला जायची. एकदा त्यांनी सोंड तीनदा काढली माझ्यासमोर." त्यांनी बादलीवरचा पाट पदराने पुसला. अक्षता पडल्या. पाट त्यांनी बाबांसमोर धरला. "हा घेऊन जा."

"आताच?"

"आताच. वर्षभर तुमच्याकडे राहू दे. पुढल्या वर्षी आखणीच्या आधी मी बघायला येणार. हात कसला बसवलाय तो दाखवायचा. नाही आवडला तर पाट परत घेऊन जाणार."

"आजी, दिंडोशी लांब आहे," मुलगा म्हणाला. "तुझे गुडघे…"

"तू आहेस ना आणायला?"

बाबांनी ओला हात पँटला पुसला आणि पाट घेतला. चहा कुणी विचारला नाही. आम्ही उतरलो.

रिक्षात पाट माझ्या मांडीवर होता, प्लास्टरचा हात बाबांच्या पिशवीत. मुलाने व्हिडिओ टाकला होता, त्याखाली लोक लिहायला लागले होते. चोर. निदान कबूल तरी केलं. सगळे सारखेच. मी वाचत होते, बाबा बाहेर बघत होते. मुलुंडच्या बाईंकडून काहीच नव्हतं. त्यांच्याकडून पुढेही काही आलं नाही.

मी पेजवरच्या सगळ्यात वरच्या त्या ओळी काढून टाकल्या. जागा रिकामी झाली.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

बाबांनी माझ्या मांडीवरच्या पाटाची एक कड चाचपून बघितली. लाकूड जुनं होतं, फणसाचं.

"लिही," ते म्हणाले, "पाट घेतो. बघायला या."